छत्तीस टक्के म्हणजे नेमकी किती बाळं?

‘आयव्हीएफ बाळांना हृदयदोषाचा धोका ३६ टक्के जास्त!’ ही ओळ तुमच्याही फीडमध्ये येऊन गेली असेल. घरात वहिनीची ट्रीटमेंट सुरू असेल किंवा तुम्ही स्वतः एग फ्रीझिंगचा विचार करत असाल, तर ती वाचून पोटात गोळा येणारच. फॅमिली ग्रुपवर टाकण्याआधी मात्र हा आकडा जरा उलगडून बघा.

तो आला सप्टेंबर २०२४ मध्ये, ‘युरोपियन हार्ट जर्नल’मधून. स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या उल्ला-ब्रिट वेनरहोम आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या तब्बल ७७ लाख मुलांच्या नोंदी तपासल्या. त्यातली १ लाख ७१ हजारांहून जास्त मुलं आयव्हीएफसारख्या उपचारांतून झालेली. हृदयाचा मोठा जन्मजात दोष नैसर्गिकरीत्या झालेल्या १.१५ टक्के मुलांत सापडला, उपचारांतून झालेल्या १.८४ टक्के मुलांत.

कॅल्क्युलेटर काढलात तर हा फरक ३६ नव्हे, ६० टक्के भरेल. मग ३६ कुठून आले? उपचार घेणाऱ्या आया सरासरीने वयाने मोठ्या असतात. आईचं वय, मधुमेह, धूम्रपान अशा गोष्टींचा परिणाम वजा केल्यावर ३६ उरतात. आणि तेही शंभर बाळांमधले ३६ नाहीत, त्या मूळच्या सव्वा टक्क्याहूनही लहान आकड्याचे ३६ टक्के आहेत. हजार बाळांमागे साधारण चार जास्त. ज्या चार घरांत हे घडतं त्यांना ‘फक्त चार’ म्हणून समजावता येत नाही, हे खरंच. पण हेडलाइन वाचून डोळ्यांसमोर येतं ते चित्रही खरं नव्हे.

दोष लॅबचा का? संशय येणं स्वाभाविक आहे, कारण पहिले काही दिवस गर्भ लॅबमध्येच वाढतो. पण साधं आयव्हीएफ असो की अंड्यात थेट शुक्राणू सोडणारं इक्सी, ताजा गर्भ असो की गोठवलेला, धोका जवळपास सारखाच निघाला. म्हणून मूल न होण्यामागे आईवडिलांच्या शरीरात जे कारण असेल, त्याचाच हृदयाशी काही संबंध असावा, असं संशोधकांना वाटतं. तसं असेल तर ‘कशाला गेलात आयव्हीएफला?’ हा नातेवाइकांचा आवडता प्रश्नच चुकीचा ठरतो.

खरी मेख आहे जुळ्यांत. उपचारांतून एकटं जन्मलेल्या बाळांत दोषाचं प्रमाण १.६२ टक्के होतं, जुळ्या-तिळ्यांत २.४७. यावर उपाय आपल्या हातात आहे, एका वेळी एकच गर्भ सोडायचा. स्वीडनने २००३ मध्येच तसा नियम केला. तिथे सरकारी खर्चाने उपचार मिळतात, त्यामुळे ‘एकदा जमलं नाही तर पुन्हा बघू’ म्हणणं सोपं. आपल्याकडे खर्च लाखांत आणि बहुतेकदा स्वतःच्या खिशातून. मग ‘एका खर्चात दोन’ कुणाला नको असतात? जुळ्यांची बातमी आली की आपण पेढेच वाटतो, राव!

मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या टीमने आयव्हीएफ बाळ जन्माला आणलं, त्याला १९८६ पासून चार दशकं होत आली. २०२१ च्या एआरटी कायद्याने क्लिनिकांची राष्ट्रीय नोंदणी आणली आणि उपचारांचा निकाल कळवणंही बंधनकारक केलं. पण नॉर्डिक देशांत जन्माची नोंद पुढच्या आजारपणांच्या नोंदींशी जोडता येते. आपल्या मुलांबद्दल बोलायचं तर आपल्याला तशाच जोडलेल्या नोंदी लागतील.

तुम्ही स्वतःच आयव्हीएफ बाळ असाल तर? २०२३ मध्ये त्याच जर्नलमध्ये ब्रिस्टल विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेला, ३५ हजारांवर मुलांचा अभ्यास आला होता. बालपणापासून तरुणपणापर्यंतचा रक्तदाब, हृदयाचे ठोके, कोलेस्टेरॉल, साखर बघितली, तर उपचारांतून झालेल्या मुलांत काळजी करण्यासारखा फरक आढळला नाही.

आणि वहिनीसाठी एक कामाची गोष्ट. नेहमीच्या अॅनॉमली स्कॅनव्यतिरिक्त फीटल इको नावाची सोनोग्राफी असते, फक्त बाळाच्या हृदयाची. साधारण १८ ते २२ आठवड्यांत करतात. आयव्हीएफची गर्भधारणा असेल तर ती करून घ्यावी, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्येच सुचवलंय. दोष आधी कळला तर बाळंतपण कुठे करायचं, जवळ मुलांच्या हृदयाचे सर्जन आहेत का, हे घाईगडबडीत नाही, शांतपणे ठरवता येतं. डॉक्टरांनी विषय काढला नाही तर तुम्ही काढा.