आजीची मांडी की बाळाची सीट?

कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनातून इंडिया गेटला निघालो, की ‘इथंच तर जायचंय’ म्हणत आपण बाळाला आजीच्या मांडीवर देतो. पण करकचून ब्रेक लागला, तर कितीही घट्ट धरलेलं बाळ हातातून निसटतं. १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ब सांगतं: चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल, तर चालकाला १,००० रुपये दंड. तान्ह्या बाळाची सीट मागच्या बाकावर, बाळाचं तोंड मागच्या काचेकडे येईल अशी लावा. एअरबॅगसमोर कधीच नको. आजीला बाळाशेजारी बसवा आणि तिचाही पट्टा लावा.