वारा की पाणी?

गेल्या मे महिन्यातील गोष्ट. मालेगाव तालुक्यातील आमच्या गावी माझा थोरला भाऊ ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे छोटे दुकान चालवतो. उन्हाळा म्हणजे दाखल्यांचा हंगाम. दुपारचे दोन वाजलेले, वरचे पत्रे तापलेले, बाकावर पाच-सहा माणसे बसलेली. एका आजोबांच्या नातीचा अर्ज अर्ध्यावर आला आणि संगणक एकदम बंद पडला. दहा मिनिटांनी सुरू केला, पुन्हा बंद! आजोबा म्हणाले, "काहून बाप्पा, मशीनले बी ऊन लागलं का?" सारे हसले. दादा मात्र हसला नाही. आजोबा दिवसाची मजुरी बुडवून आले होते आणि तसेच रिकाम्या हाताने परत गेले.

हे रोजचेच होऊ लागले, तेव्हा दादाने शहरातील एका दुकानदाराला विचारले. त्याने पाहिल्या न पाहिल्यासारखे करून सांगितले, "पंख्याने भागणार नाही. लिक्विड कूलिंग बसवा." नवे कॅबिनेट, नवा वीजपुरवठा आणि मजुरी धरून बारा हजारांचा आकडा निघाला. तो संगणकच मुळी चौदा हजारांना जुना घेतलेला! तरी आई बचत गटातून कर्ज काढायला तयार झाली. पाणी म्हणजे गार, एवढे तर कोणालाही पटते.

मी कला शाखेचा विद्यार्थी. यंत्राच्या बाबतीत मत देण्याचा मला काय अधिकार, असे कोणी म्हणेल. पण कर्ज घरात येणार होते, म्हणून मी आठ दिवस या प्रश्नाच्या मागे लागलो. त्यातून माझे जे मत झाले ते मांडण्यासाठी हा लेख.

आपली पहिली चूक अशी की, पाणी म्हटले की आपल्याला माठ आठवतो. माठातील पाणी भोवतालच्या हवेपेक्षा गार असते, कारण ते पाझरते आणि त्याची वाफ होते. वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. खिडकीतल्या कूलरचेही तेच. संगणकात बसवतात ते पाणी मात्र बंदिस्त असते. त्याची वाफ व्हायला जागाच नाही. प्रोसेसरच्या डोक्यावर धातूची एक पोकळ चकती बसते, लहानसा पंप पाणी फिरवतो, नळीतून ते रेडिएटरमध्ये जाते आणि तिथे पंखे वारा घालून ते निववतात. म्हणजे हा माठ नव्हे. हा ट्रॅक्टरचा रेडिएटर आहे. मोटारसायकलच्या इंजिनाला पंखासारख्या पट्ट्या असतात आणि त्यांना वारा लागतो, ती झाली हवेची पद्धत. दोन्हींत उष्णता शेवटी जाते कुठे? वाऱ्यातच!

तेव्हा वारा की पाणी हा वाद मुळात वाहतुकीचा आहे. वाहतूकदार म्हणून पाणी श्रेष्ठ आहे, यात शंका नाही. एक लिटर पाणी एका अंशाने तापायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात सुमारे साडेतीन हजार लिटर हवा तापते. पण खोलीत ४२ अंश असतील, तर त्या बंदिस्त नळीतले पाणी ४२ च्या खाली कधीच उतरणार नाही. समजा, प्रोसेसर काम करताना खोलीपेक्षा ५० अंशांनी अधिक तापतो. जानेवारीत खोली २५ असेल तर तो ७५ वर राहील. मे महिन्यात ९२ वर जाईल. बहुतेक प्रोसेसर शंभरच्या आसपास पोहोचले की आधी आपला वेग कमी करतात आणि तरीही भागले नाही तर स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतात. आजोबांचे बोलणे विनोदाचे होते, पण खोटे नव्हते.

मग पाणी कोणाला हवे? ज्याची उष्णता फार त्याला. मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा गावी जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. त्याच संस्थेचा 'परम ब्रह्म' हा महासंगणक २०१९ मध्ये पुण्याच्या आयसर संस्थेत सुरू झाला. तिथे पाणी थेट चिपांवरील चकत्यांपर्यंत नेलेले आहे. रात्रंदिवस गणिते करणाऱ्या हजारो गाभ्यांची ती गरज आहे. चित्रफिती संकलित करणाऱ्या किंवा मोठे खेळ खेळणाऱ्या माणसाच्या संगणकातला प्रोसेसर अडीचशे वॉटपर्यंत वीज खातो. त्यालाही पाण्याचा उपयोग आहे. दादाचा प्रोसेसर मात्र ६५ वॉटचा. एका जुन्या बल्बाएवढी त्याची धग!

शिवाय तयार संगणकात हा बदल वाटतो तितका सोपा नाही. मोठ्या कंपन्या कार्यालयांसाठी जे संगणक बनवतात, त्यांची पेटी अरुंद असते आणि रेडिएटर टांगायला जागा नसते. पंख्याची पिन पुष्कळदा त्यांची स्वतःची, बाजारातील पिनेशी न जुळणारी. जुना पंखा काढला की सुरू होतानाच तक्रार दाखवून अडून बसणारे संगणकही असतात. आणि पंखा बिघडला तर शे-दोनशे रुपयांत दुसरा येतो. पंप बिघडला तर बहुधा सगळा संचच बदलावा लागतो. अॅपल कंपनीने २००३ मध्ये पॉवर मॅक जी-५ हा संगणक नऊ पंख्यांसह आणला, २००४ मध्ये त्याच्या वेगवान प्रकाराला पाण्याची पद्धत बसवली. पुढे त्यांतील काहींना गळती लागली. २००६ मध्ये नवा प्रोसेसर घेऊन तीच कंपनी पुन्हा वाऱ्याकडे वळली. याचा अर्थ पाणी वाईट असा नाही. धग बदलली की उपाय बदलतो, एवढाच.

असो. दादाच्या संगणकाचे काय झाले ते सांगतो. एका रविवारी आम्ही वीज काढून पेटी उघडली. शेजारी पिठाची गिरणी आहे, आणि सोयाबीनच्या हंगामात मळणीयंत्राची धूळ दारातून आत येते. हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये त्या पिठाचे आणि धुळीचे चक्क नमद्यासारखे जाड पांघरूण झाले होते. पंखा फिरत होता, पण वारा आत जायला वाट नव्हती! प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ब्रशने धूळ काढली, पंख्याची पाती बोटाने धरून फुंकर मारली, जुनी पेस्ट पुसून दोनशे रुपयांची नवी लावली. पेटी जमिनीवरच्या कोनाड्यातून काढून भिंतीपासून वीतभर दूर, टेबलावर ठेवली. सकाळी ९८ अंश दाखवणारा आकडा त्या दिवशी भर दुपारी ७८ वर थांबला. जूनपर्यंत संगणक एकदाही बंद पडला नाही. कर्ज काढावे लागले नाही.

माझ्या काही मित्रांना हे पटत नाही. ते म्हणतात, "आपण खेड्यातल्यांनी नेहमी जुन्यावरच भागवायचे का? नवे तंत्र शहरवाल्यांनीच वापरायचे?" त्यांच्या बोलण्यातला सल मला कळतो, कारण तो माझ्याही मनात आहे. पण नवे तंत्र नाकारा, असे मी म्हणतच नाही. उद्या दादाचे काम वाढले, धग वाढली, तर पाणी अवश्य बसवावे. मात्र ती निवड आपली असावी. पेटी न उघडता दिलेला बारा हजारांचा सल्ला मान्य करणे ही प्रगती नव्हे. आपल्या अज्ञानाची ती किंमत आहे, आणि ती नेहमी ज्याला परवडत नाही त्याच्याकडूनच वसूल होते.

म्हणून एक सूचना. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण गावातील नाल्या साफ करतो, झाडे लावतो. त्यातच एक दुपार ग्रामपंचायतीतील आणि जिल्हा परिषद शाळेतील संगणक उघडून स्वच्छ करण्यासाठी ठेवावी. त्याला ब्रश, पेस्टची नळी आणि शिकवणारा एक जण, एवढे पुरे. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी त्यात मागे राहू नये. शिबिर हिवाळ्यात असते, म्हणजे उन्हाळा लागण्याआधीच काम होईल आणि मे महिन्यात कोणाचे आजोबा दाखल्यावाचून परतणार नाहीत.