अकीक ओलाच घासा

नांगराच्या फाळाला खाडकन लागणारी गारगोटी शेतकऱ्याच्या दृष्टीने नुसती कटकट असते. ती उचलून बांधावर भिरकावली जाते. पहिला वळीव पडून गेला, की त्याच बांधावरून सकाळी उन्हं तिरपी असताना सूर्य समोर ठेवून चालावं. ज्या दगडाची कड मेणचट चमकते आणि उजेड थोडा आत घेते, तो हातात घ्यावा. बाहेरून तो ओबडधोबड आणि खडबडीत सालीचा असतो. फुटलेल्या बाजूला मात्र शिंपल्यासारखा वळणदार कंगोरा दिसतो. ओला करून उन्हाकडे धरला की पिवळसर, राखी, दुधी पट्टे एकामागून एक दिसू लागतात. काचेवर ओढला तर काचेला ओरखडा पडतो. हा अकीक. अकीक शोधायला कुठल्या परवान्याच्या खाणीत जावं लागत नाही. गोदावरी, प्रवरा, भीमा यांच्या पात्रातल्या गोट्यांत तो मिसळलेला असतो. सापडला तर गावाचं आणि ओढ्याचं नाव त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. कुठून आला हे माहीत नसलेला दगड संग्रहात फक्त शोभेचा उरतो.

आपल्याकडे तो एवढा का, याचं उत्तर आपल्या काळ्या कातळात आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले. थिजताना त्यातला वायू अडकून राहिला आणि खडकाला अनारशासारखी जाळी पडली. पुढे या पोकळ्यांतून सिलिका विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि भिंतीवर थरामागून थर बसत गेला. काही पोकळ्यांत झिओलाइटचे स्फटिक वाढले. जळगाव आणि पुण्याच्या परिसरातल्या दगडखाणींतले असे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. काहींत अकीक भरला. कातळ झिजून त्याची माती झाली, पण अकीक तिच्यापेक्षा कितीतरी कठीण. म्हणून तो मागे राहिला आणि नद्यांबरोबर वाहत गेला.

आपल्या पूर्वजांनी तो ओळखला होता. इनामगावला डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात ताम्रपाषाण युगातल्या जोर्वे संस्कृतीच्या शेतकऱ्यांची याच जातीच्या दगडाची पाती सापडली. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणहून गाड्यांनी भडोचला जाणाऱ्या मालाची नोंद आहे. त्यात पट्टेदार अकीक मोठ्या प्रमाणावर होता. भडोच पैठणहून वीस दिवसांच्या वाटेवर, असंही तो लेखक सांगतो. त्या वाटेचं एक टोक आपल्याकडचं, आणि दुसऱ्या टोकाशी जे चाललं आहे ते या सदराच्या कक्षेतलं आहे. वस्तूमागचे हात हाच आपला नेहमीचा विषय.

भडोच जिल्ह्यातल्या झगडिया तालुक्यात रतनपूर आहे. जवळच्या टेकडीवर बाबा घोर यांचा दर्गा. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी समाजाचं ते श्रद्धास्थान, आणि अकीकच्या धंद्याचा मूळपुरुष म्हणूनही बाबांनाच मानतात. या भागात विहिरीसारखे खड्डे खणून अकीक काढतात आणि तो मणी घडवण्यासाठी खंबायतला जातो. नकाशात या गावाचं नाव खंभात. जवळच लोथल आहे. तिथे हडप्पा काळातल्या मणीकामाचा कारखाना आणि भट्टी सापडली. मेसोपोटेमियातल्या उरच्या राजघराण्याच्या दफनभूमीत मिळालेले लालभडक लांबट मणी हडप्पा संस्कृतीच्या प्रदेशातून गेलेले आहेत. साडेचार हजार वर्षं एकच काम जवळपास त्याच परिसरात चालू राहिल्याची उदाहरणं जगात फार नाहीत.

हे काम जवळून पाहण्यासारखं आहे. दगड आधी उन्हात वाळवतात, मग मडक्यांत भरून शेणाच्या गोवऱ्यांच्या धगीत भाजतात. आतल्या लोहाचं रूप बदलतं आणि पिवळट दगड तांबडा होतो. घाई केली तर तडकतो, म्हणून धग मंद ठेवायची आणि राख थंड होईपर्यंत हात लावायचा नाही. नंतर घडाई. कारागीर जमिनीवर बसतो. समोर लोखंडी सळई तिरकी रोवलेली. दगड तिच्या टोकाला टेकवायचा आणि वरून बारीक वेताच्या दांड्यामुळे लवणाऱ्या, म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलकेच टोला द्यायचा. कपचा उडतो तो टोल्याच्या जागेवरून नव्हे, सळईच्या टोकाशी टेकलेल्या बाजूने. टोला शिंगाचा, पण कपचा काढतं ते लोखंडाचं टोक. या उलट्या हिशोबामुळे नाजूक मणीसुद्धा तुटत नाही. पुरातत्त्वज्ञ जोनाथन मार्क केनोयर आणि कुलदीप भान यांनी हडप्पाचं मणीकाम समजून घेण्यासाठी खंबायतच्याच कारागिरांकडे धडे घेतले, ते उगाच नाही.

वेज पाडण्यासाठी आज धनुकलीने फिरणारा सामता वापरतात. त्याच्या टोकाला हिऱ्याच्या दोन बारीक कण्या बसवलेल्या असतात आणि वरून पाण्याचा थेंब पडत राहतो. हडप्पाच्या माणसाकडे हिरा नव्हता. त्याने एका खास कठीण दगडाची टोकं केली होती. केनोयर यांच्या प्रयोगात तशा टोकाने तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर भोक पडलं. म्हणजे बोटभर लांबीच्या मण्याला कित्येक दिवस.

या सगळ्या पायऱ्यांत एकच पायरी माणसाचा जीव घेते. घडवलेला मणी विजेवर फिरणाऱ्या कुरुंदाच्या सहाणेवर कोरडाच घासतात. अकीक म्हणजे निव्वळ सिलिका. घासताना उडणाऱ्या धुळीतले अतिसूक्ष्म कण डोळ्यांना दिसतही नाहीत आणि नाका-घशात अडकतही नाहीत, थेट फुप्फुसांत खोल जातात. तिथे व्रण पडतात, फुप्फुस घट्ट होत जातं. या रोगाचं नाव सिलिकोसिस. त्यावर औषध नाही, आणि काम सोडल्यावरही तो वाढत राहू शकतो. त्यातून क्षयाची लागण सहज होते. गावातल्या डॉक्टरला छातीच्या फोटोत क्षयच दिसतो, उपचार क्षयाचे होतात आणि माणूस बरा होत नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने गेल्या शतकातच खंबायतच्या घासणी कामगारांत हा रोग नोंदवला. सहाण घरात किंवा घराच्या पडवीत असते. तीच धूळ स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या आणि रांगणाऱ्या मुलाच्याही श्वासात जाते. नाकाला बांधलेल्या फडक्याने ती अडत नाही.

कायदा इथपर्यंत पोहोचत नाही. कारखाने अधिनियम १९४८ मध्ये सिलिकोसिस हा कळवण्याचं बंधन असलेला रोग होता, पण वीज वापरणाऱ्या जागी दहा कामगार असल्याशिवाय ती जागा कारखानाच ठरत नव्हती. २०२०च्या श्रमसंहितेने ही मर्यादा वीसवर नेली. पडवीत चार जण दाण्याच्या हिशोबाने काम करतात. त्यांचा मालक कोण, हे कागदावर कुठेच नाही. मग भरपाई मागायची कोणाकडे? राजस्थानने २०१९ मध्ये धोरण करून रोगाचं निदान होताच तीन लाख आणि मृत्यूनंतर वारसांना दोन लाख देण्याचं ठरवलं. मालक दाखवा, अशी अट घातली नाही. हे करता येतं, एवढं त्यावरून सिद्ध होतं.

मी हा लेख खास लिहितो आहे तो मात्र दुसऱ्या कारणासाठी. हौस म्हणून अकीक कापणारी, घासणारी माणसं जगभर आहेत आणि आता आपल्या शहरांतही वाढू लागली आहेत. त्यांचं यंत्र पाहा. हिऱ्याची कड असलेली पात पाण्यात किंवा तेलात फिरते. पुढे सिलिकॉन कार्बाइडची भुकटी आधी भरड ८०, मग २२०, ४००, ६०० अशी बारीक होत जाते. शेवटी नमद्यावर सीरियम ऑक्साइडची झिलई. पहिल्या घासणीपासून शेवटपर्यंत पाणी. कुठलाही शहाणा हौशी माणूस हा दगड कोरडा घासत नाही. ज्याला पोटासाठी रोज घासायचं आहे, त्यालाच तो कोरडा घासावा लागतो. कारण साधं आहे: ओल्या सहाणेसाठी पंप, टाकी, गाळ काढायची सोय लागते, आणि मजुरी दाण्यावर असल्यामुळे हात थोडा जरी मंदावला तरी नुकसान कारागिराचंच. हा खर्च कारागिराने नव्हे, व्यापाऱ्याने आणि ग्राहकाने उचलायला हवा. घरातल्या सहाणा बाहेर काढून पाण्याची आणि धूळ ओढणाऱ्या पंख्यांची सोय असलेल्या सामाईक शेडमध्ये नेणं हे सरकारचं काम आहे, आणि ते फार महागडं नाही.

खरेदीबद्दल दोन गोष्टी. भडक निळा, गुलाबी, हिरवा अकीक बहुधा रंगवलेला असतो. काळाकुळीत ऑनिक्ससुद्धा अनेकदा साखरेच्या पाकात मुरवून गंधकाम्लाने काळा केलेला असतो. त्यात गैर काही नाही, विकणाऱ्याने ते सांगितलं पाहिजे इतकंच. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: अंगठी, जपमाळ किंवा लोलक घेताना दुकानदाराला विचारा, हा दगड कुठे आणि कसा घासला? पहिल्या दहा दुकानदारांना उत्तर येणार नाही. तरीही विचारत राहा. घाऊक खरेदी करणाऱ्यांनी तर हा प्रश्न कागदावर घालावा आणि ओल्या घासणीचे चार रुपये जास्त द्यावेत. आणि घरी हौसेने यंत्र बसवणार असाल, तर पाण्याचा नळ आधी बसवा.