घरचे सर्व्हर आणि त्यांचा कारभारी

कुटुंबाचे फोटो, जमाखर्च, मुलांच्या अभ्यासाचे कागद व वडीलमंडळींच्या आवाजाचें ध्वनिमुद्रण परक्या कंपनीच्या भांडारांत न ठेवतां आपल्याच घरीं ठेवावें, असा विचार हल्लीं कित्येक तरुण करूं लागले आहेत. विचार स्तुत्य आहे. त्यासाठीं दोनतीन लहान संगणक एकत्र जोडून क्लस्टर उभारण्याची हौसही दिसून येते. मग प्रश्न येतो कीं, या यंत्रांवरील सेवांचा कारभार कोणावर सोंपवावा? याचें उत्तर घरची सोय पाहून द्यावें, असें आमचें मत आहे.

कंटेनर म्हणजे एखादा प्रोग्राम व त्यास लागणारी सर्व सामग्री यांचा एकत्र बांधलेला डबा. २०१३ सालीं डॉकर निघाल्यापासून ही पद्धत फार पसरली. फोटोंसाठीं इमिच, कागदपत्रांसाठीं नेक्स्टक्लाउड, चित्रपट व संगीतासाठीं जेलीफिन असे डबे एकाच यंत्रावर एकमेकांस न बाधतां नांदतात. यंत्र एकच असेल तर डॉकर कंपोज पुरेसें आहे. कोणता डबा कसा चालवावयाचा हें एका साध्या फाइलींत लिहून ठेवलें, म्हणजे एका आज्ञेनें सर्व सुरू होतात.

यंत्रें अनेक झालीं म्हणजे दोन मार्ग विशेषेंकरून पुढें येतात. पहिला स्वॉर्म. तो २०१६ पासून डॉकरच्याच पोटांत आहे व शिकावयास सोपा आहे. मात्र उद्योगक्षेत्राचें लक्ष दुसरीकडे वळल्यामुळें त्याविषयीं नवें मार्गदर्शन कमी मिळतें. दुसरा कुबर्नेटीस. या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. गूगलनें तें २०१४ सालीं सर्वांस खुलें केलें. त्याच्या वर्षाकाठीं सुमारें तीन आवृत्त्या निघतात व प्रत्येकीस सुमारें चौदा महिनेच दुरुस्त्या मिळतात. म्हणजे देखभाल कधींच संपत नाहीं. २०१९ सालीं निघालेलें के-थ्री-एस हें त्याचेंच हलकें रूप लहान संगणकांवरही चालतें, परंतु शिकावयाचें शास्त्र तेंच राहतें.

येथें दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. स्वॉर्म असो वा अनेक कारभारी यंत्रांचें के-थ्री-एस असो, निर्णय बहुमतानें होतात. तीन कारभाऱ्यांपैकीं एक बंद पडला तरी दोघांचें बहुमत उरतें. दोहोंपैकीं एक पडला तर उरलेल्यास बहुमत नाहीं. चालू डबे चालत राहतील, पण नवा निर्णय होणार नाहीं. तेव्हां दोन कारभारी नेमून एकापेक्षां अधिक निर्धास्तपणा लाभत नाहीं.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. यंत्र बिघडल्यास कारभारी तो डबा दुसऱ्या यंत्रावर सुरू करील, परंतु फोटो मात्र पहिल्याच यंत्राच्या डिस्कवर अडकलेले असतील. सर्वांसाठीं एकच सामायिक साठा ठेवला तर सर्व भार त्या एका पेटीवर येतो. प्रत्येक यंत्रावर प्रत ठेविली, तर चुकून पुसलेला फोटो सर्व प्रतींतूनही पुसला जातो. म्हणून स्वतंत्र प्रत, आणि तींतील एक घराबाहेर, ठेवल्यावांचून गत्यंतर नाहीं.

शिवाय एकत्र कुटुंबांत हें सर्व जाणणारा बहुधा एकच असतो. तो नोकरीनिमित्त परगांवीं गेला, आणि आजोबांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशीं आजीस त्यांचा फोटो हवा असतां यंत्र मुकें झालें, तर क्लस्टर कितीही कुशलतेनें रचलेला असला तरी तिला त्याचा काय उपयोग? म्हणून ज्या सेवांवर घर अवलंबून आहे त्या एका यंत्रावर, कंपोजच्या साध्या फाइलींत असाव्या. यंत्र कसें सुरू करावें व प्रत कोठें आहे, हें मराठींत कागदावर लिहून ठेवावें. वर्षांतून एकदां घरांतील दुसऱ्या कोणी, भगिनीनें वा वहिनीनें, तो कागद पाहून प्रतीवरून सर्व पुन्हां उभें करून दाखवावें.

कुबर्नेटीस शिकण्याची हौस आम्ही मोडूं इच्छीत नाहीं; उद्योगधंद्यांत त्या विद्येस मोल आहे. त्यासाठीं निराळीं यंत्रें घ्यावीं व तीं खुशाल मोडावीं, जोडावीं. कुटुंबाच्या आठवणी मात्र त्या प्रयोगशाळेंत ठेवूं नयेत.