टरफलं कुणी टाकली? वर्गातला न्याय आणि कोर्टातला न्याय



दरवर्षी १ ऑगस्टला आपल्या शाळांत एक गोष्ट हमखास सांगितली जाते. वर्गात शेंगांची टरफलं पडलेली असतात, गुरुजी सगळ्यांना ती उचलायला लावतात आणि छोटा बाळ टिळक ठामपणे सांगतो, मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही. पोरं छाती पुढे काढून हे भाषण करतात, आपण टाळ्या वाजवतो. मीही दरवर्षी वाजवतो.

पण खरं सांगा, उद्या आपल्याच वर्गात एखादं लेकरू असं उभं राहिलं आणि म्हणालं, "सर, मी केलं नाही, मी ऐकणार नाही", तर आपण टाळ्या वाजवू का? बहुतेक वेळा आपण त्याला उद्धट म्हणतो.

काही वर्षांपूर्वीची माझ्याच वर्गातली गोष्ट. चौथीचा वर्ग. सहलीचे जमा झालेले दोनशे रुपये सापडेनात. मी वर्गात विचारलं. क्षणभर शांतता, मग मागून आवाज आला, "सर, त्यानंच घेतले असतील. ते लोकं तसेच असतेत." सगळ्या माना एकाच पोराकडे वळल्या. गावाबाहेर पाल टाकून राहणाऱ्या कुटुंबातला तो मुलगा. नुकताच आमच्या शाळेत आला होता. कुणी काही पाहिलं होतं का? नाही. तो टेबलाजवळ आला होता का? तेही मी विचारलं नाही. मी म्हणालो, "दप्तर रिकामं कर."

त्यानं एक शब्द न बोलता दप्तर उलटं केलं. दोन वह्या, फडक्यात बांधलेली अर्धी भाकर, चार गोट्या, एक मोडका कंपास. पैसे नव्हते.

दोन दिवसांनी ते पैसे पोषण आहाराच्या नोंदवहीत सापडले. मीच ठेवले होते. मी त्या पोराला व्हरांड्यात बाजूला बोलावलं आणि म्हणालो, "चुकलं रे माझं." तो म्हणाला, "बरं सर." विषय संपला असं मला वाटलं.

तो संपला नव्हता. त्यानंतर वर्गात कुणाची पेन्सिल हरवली तरी माना त्याच्याकडेच वळायच्या. दिवाळीनंतर ते कुटुंब पुढच्या गावाला गेलं. तो मुलगा परत आला नाही.

त्या दिवशी माझा वर्ग म्हणजे एक ज्युरी झाला होता. आपल्याकडे पूर्वी खरोखरच ज्युरी असायची. कायद्याचं शिक्षण नसलेले सर्वसामान्य नागरिक पंच म्हणून बसायचे. न्यायाधीश कायदा समजावून सांगायचे आणि आरोपी दोषी की निर्दोष हे पंच बहुमतानं ठरवायचे. टरफलं न उचलणाऱ्या त्याच टिळकांवर १९०८ मध्ये 'केसरी'तल्या लेखांसाठी मुंबई उच्च न्यायालयात राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा समोर नऊ जणांची ज्युरी होती. सात युरोपीय आणि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन, दोषी. सहा वर्षांची शिक्षा झाली, मंडालेला रवानगी झाली. ज्युरी काहीही म्हणो, मी निर्दोष आहे, असं टिळकांनी भर कोर्टात सांगितलं.

दुसरं उदाहरण नानावटी खटल्याचं. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदल अधिकारी कावस नानावटी यांच्या गोळ्यांनी मुंबईत प्रेम आहुजा यांचा मृत्यू झाला. नानावटी स्वतः पोलिसांत हजर झाले. रुबाबदार अधिकारी, दुखावलेला नवरा. लोकांची सहानुभूती त्यांच्याकडे होती आणि 'ब्लिट्झ' साप्ताहिकानं तर उघड त्यांची बाजू घेतली. ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना तो निकाल पुराव्याला धरून वाटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे १९६० मध्ये जन्मठेप झाली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. पुढे १९६४ मध्ये त्यांना माफी मिळाली. ज्युरी मात्र हळूहळू बंद होत गेली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही.

मग प्रश्न मिटला का? न्यायाधीश शिकलेले असतात, ते माणूस पाहून निकाल देत नाहीत, असं आपण म्हणू. म्हणून तिसरं उदाहरण. याचा धागा आपल्या जालना जिल्ह्यापर्यंत येतो.

जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका बागेत राहणाऱ्या कुटुंबावर भयंकर हल्ला झाला. पाच जणांचा खून झाला, बलात्कार झाले. भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना अटक झाली. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयानं तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. त्यातला एक जण गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षांचाही नव्हता, हे नंतर सिद्ध झालं.

पुढे प्रकरण पुन्हा उघडलं गेलं आणि ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच तीन न्यायमूर्तींनी सहाही जणांना निर्दोष सोडलं. हल्ल्यातून वाचलेल्या बाईनं दोनच दिवसांत पोलिसांकडच्या फोटोंतून चार वेगळ्याच माणसांना ओळखलं होतं. ती गोष्ट दडवली गेली, त्या चौघांचा तपास झालाच नाही. हे आरोपी भटके आणि अत्यंत गरीब असल्यामुळे त्यांना गोवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असंही न्यायालयानं नमूद केलं. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई आणि चुकार पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई, असा आदेश झाला. जवळजवळ सोळा वर्षं तुरुंगात गेली होती. आणि त्या उद्ध्वस्त कुटुंबालाही न्याय मिळाला नाही, हे विसरू नका. चुकीचा माणूस आत गेला की खरा गुन्हेगार बाहेर राहतो.

इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदाच केला होता की काही जमाती जन्मानंच गुन्हेगार. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण "ते लोकं तसेच असतेत" हे वाक्य माझ्या चौथीच्या वर्गात कुठून आलं? पोरांनी ते घरी, पारावर ऐकलं होतं. आणि मी दप्तर उघडायला लावून त्यावर शिक्का मारला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की, निकाल ज्युरी देवो नाहीतर न्यायाधीश, पुराव्याआधी माणूस बघण्याची सवय असेल तर दोघंही चुकतात. आणि ती सवय लागते किंवा सुटते, ती आपल्या वर्गात आणि आपल्या घरात.

मी आता काही गोष्टी पाळतो. तुम्हीही करून बघा.

१. वस्तू हरवली की "कुणी घेतली?" असं न विचारता "शेवटची कुठे पाहिली?" असं विचारायचं. निम्म्या वस्तू तिथेच सापडतात.

२. कुणी नाव घेतलं तर "तू स्वतः काय पाहिलंस?" हा एकच प्रश्न. ऐकलेलं, वाटलेलं चालणार नाही.

३. सगळ्यांसमोर एकाच पोराचं दप्तर कधीच तपासायचं नाही.

४. आरोप चारचौघांत झाला असेल तर माफीही चारचौघांतच मागायची. मी इथेच चुकलो. आरोप पूर्ण वर्गासमोर केला आणि माफी व्हरांड्यात मागितली. वर्गाच्या लेखी ते पोर शेवटपर्यंत चोरच राहिलं.

पालकांनाही एक विनंती. शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराधाला शिक्षा होऊ नये, हे वाक्य आपण सगळे ऐकून आहोत. घरी टीव्हीवर कुणाला पोलीस घेऊन जाताना दिसले आणि लेकरानं विचारलं, "ह्यानं केलं का?" तर "हो, तोंडावरूनच दिसतंय" असं म्हणू नका. "अजून ठरायचंय" एवढंच म्हणा.

येत्या १ ऑगस्टला माझ्या वर्गात टरफलांची गोष्ट होईलच. पण या वेळी मी पोरांना दुसऱ्या एका मुलाचीही गोष्ट सांगणार आहे. त्यानंही शेंगा खाल्ल्या नव्हत्या. पण त्याच्याकडे बघणाऱ्या सगळ्या नजरा पाहून त्यानं गुपचूप टरफलं उचलली. नाव नाही सांगणार. गुरुजी कोण होते, ते मात्र सांगणार आहे.