शर्यतीच्या दिवशी पाणी कोण भरणार?

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतली गोष्ट. पालघरजवळच्या डोंगरात एक ‘ट्रेल’ शर्यत झाली. ट्रेल म्हणजे डांबरी रस्ता सोडून पायवाटांनी, ओढ्यांतून, चढउतारांवरून पळणं. आणि मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरपेक्षा लांब पल्ल्याची शर्यत म्हणजे ‘अल्ट्रा’. इथे २५ आणि ५० किलोमीटरचे दोन गट होते. आयोजक शहरातले, पैसा एका कंपनीचा. मी बोईसरला राहते, समाजकार्याचं शिक्षण घेतल्यापासून या भागातल्या पाड्यांवर काम करते, थोडीफार पळतेही. म्हणून स्थानिक व्यवस्था पाहण्यासाठी मला बोलावलं. मी हुरळून गेले. मुली पळतील, बायका घराबाहेर पडतील, असं मला मनापासून वाटलं होतं.

प्रत्यक्षात काय झालं ते सांगते.

ज्या वाटेवर रंगीत फिती बांधल्या, ती वाट पाड्यातल्या बायकांच्या पायांनी पडलेली. त्या रोज तिच्यावरून मोळी आणतात. एकदा एक मोळी आम्ही वजनकाट्यावर ठेवली होती, २८ किलो भरली. शर्यतीच्या दिवशी मात्र पळणाऱ्यांना अडथळा नको म्हणून सकाळभर ‘वाट मोकळी ठेवा’ असं त्यांनाच सांगण्यात आलं. वनखात्याची परवानगी होती, पोलिसांना पत्र दिलेलं होतं. ग्रामसभेला कुणी विचारलंच नव्हतं.

तिसऱ्या पाणी-केंद्रावर टँकर पोचला नाही. मग पाड्यातल्या चार बायकांनी विहिरीवरून डोक्यावर हंडे आणून पळणाऱ्यांना पाणी पाजलं. फेब्रुवारीतली विहीर, तळाला गेलेली. दुपारी त्यांच्या घरी प्यायला पाणी नव्हतं. मोबदला म्हणून प्रत्येकीला एकेक टी-शर्ट मिळाला. त्यावर ‘स्वयंसेवक’ असं छापलेलं. पळायला आलेल्यांनी दोन-दोन हजार रुपये भरले होते!

पन्नास किलोमीटरमध्ये पहिल्या बाईला पहिल्या पुरुषाच्या निम्मं बक्षीस. कारण विचारलं तर उत्तर मिळालं, ‘बायका कमी येतात ना.’ का कमी येतात? सुटण्याची वेळ पहाटे चारची. अंधारात जंगलातून एकटीने पळायचं. पन्नास किलोमीटरच्या वाटेवर बायकांसाठी आडोसा एकही नाही. पाळी सुरू असलेल्या बाईने काय करायचं, हा विचार नियोजनाच्या एकाही बैठकीत झाला नव्हता. त्या बैठकांना मीही होते. मीही विचारलं नाही.

आणि शेवटची गोष्ट. तेरा-चौदा वर्षांची एक वारली मुलगी अनवाणी, पुढच्या पुरुषांच्या बरोबरीने दोन किलोमीटर सहज पळत गेली. छातीवर क्रमांक नाही म्हणून तिला दटावून बाजूला काढलं.

मला १९६७ सालची बोस्टन मॅरेथॉन आठवली. कॅथरीन स्विट्झर ही तरुणी क्रमांक लावून पळत होती, तर शर्यतीचा एक अधिकारी तिच्या अंगावर धावून गेला आणि तो क्रमांक ओढून काढायला लागला. बाईला ते अंतर झेपणार नाही, असं तेव्हाचं शहाणपण होतं. दक्षिण आफ्रिकेतली सुमारे ९० किलोमीटरची कॉम्रेड्स शर्यत १९२१ साली सुरू झाली. तिथे बायकांना आणि काळ्या धावपटूंना अधिकृत प्रवेश मिळायला १९७५ उजाडलं. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली १९८४ मध्ये. म्हणजे कमी पडत होती ती बायकांची ताकद नव्हे, दार उघडण्याची दानत. २०१९ साली इंग्लंडमधल्या ‘स्पाइन’ या सुमारे ४३० किलोमीटरच्या हिवाळी शर्यतीत जास्मिन पॅरिस सगळ्या पुरुषांच्या पुढे, पहिली आली. घरी तान्हं बाळ होतं, म्हणून वाटेतल्या थांब्यांवर ती दूध काढून ठेवत होती. २०१८ साली आल्प्समधल्या प्रसिद्ध शर्यतीत सोफी पॉवरने तीन महिन्यांच्या बाळाला थांब्यावर अंगावर पाजलं. तिचा तो फोटो जगभर गेला, आणि मातृत्वाचं कौतुक करून लोक मोकळे झाले. खरा मुद्दा निराळाच होता. दुखापत झाली तर प्रवेश पुढच्या वर्षावर नेता येत होता, गरोदरपणासाठी मात्र ती सवलत नव्हती. नियम करताना समोर पुरुषाचंच शरीर होतं.

आपल्याकडेही या शर्यती वाढताहेत. सिंहगड–राजगड–तोरणा या वाटेवर शंभर किलोमीटरपर्यंतची शर्यत होते, लडाखमध्ये खारदुंगला ओलांडून ७२ किलोमीटरची होते. ‘सह्याद्री सर्वांचा आहे’ असं आवर्जून म्हटलं जातं. पण या ‘सर्वां’त पाड्यावरची बाई कुठे असते? पाणी पाजायला, नाहीतर फोटोत. आपल्या मोखाड्याच्या शेजारचं हरसूल पाहा. त्या भागातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक जिंकते. मग आपण तिला ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हणून टाळ्या वाजवतो. ज्या पाड्यांतून अशा मुली घडू शकतात, त्याच पाड्यातल्या मुलीला वाटेवरून बाजूला काढतो.

आता थोडं आपल्या मैत्रिणींशी. ही शर्यत झाल्यावर मी आमच्या बैठकीत विषय काढला, तर दोघीतिघी म्हणाल्या, ‘हे पोट भरलेल्यांचे चाळे. रेशन, रोजगार हमी, कंत्राटी कामगार बायकांचे प्रश्न सोडून तू हे काय घेऊन बसलीस?’ मला हे पटत नाही. एक तर ज्या जमिनीवर, ज्या पाण्यावर ही शर्यत होते, तो प्रश्न आपलाच आहे. दुसरं म्हणजे मोळीसाठी, पाण्यासाठी, पाळीसाठी बाईने धावायचं आणि स्वतःच्या आनंदासाठी धावली की तो चाळा, हा न्याय कुठला? तारापूरच्या कारखान्यात पॅकिंगला जाणाऱ्या मुलींना विचारा. रविवार त्यांचा सुट्टीचा नसतो, साठलेल्या धुण्याचा असतो. स्वतःचा वेळ मागणं हीसुद्धा मागणीच आहे.

म्हणून गेल्या वर्षी आम्ही स्वतःच एक छोटी शर्यत घेतली. बारा किलोमीटर, फक्त बायका आणि मुली, प्रवेशशुल्क नाही. संचालक मी. पाड्यावर बैठक घेतली आणि सुटण्याची वेळ सकाळी सहा सांगितली, तेव्हा एक बाई म्हणाली, ‘ताई, आमी पलू, पन पानी कोन भरेल?’ माझ्या सगळ्या नियोजनाला हा एकच प्रश्न पुरला. मग ठरलं की त्या दिवशी पाणी पुरुष भरतील आणि शर्यत आठला सुटेल. पुरुषांनी भरलं. कुरकुरत भरलं, पण भरलं. त्रेचाळीस जणी पळाल्या, कुणी चप्पल हातात घेऊन, कुणी साडीचा काष्टा मारून.

चूक माझ्याकडूनही झाली. मी तीन तासांची मर्यादा घातली होती, आणि ती संपताच शेवटची दोरी सोडायला लावली. दहा मिनिटांनी एक म्हातारी आली आणि म्हणाली, ‘संपली काय?’ घड्याळ माझ्या हातात होतं, तर मीही त्या अधिकाऱ्यासारखीच वागले. शेवटच्या बाईच्या मागून चालणारं आपलं माणूस असलंच पाहिजे, हे मी त्या दिवशी शिकले.

कुणी म्हणेल, अशा अटी घातल्या तर शर्यती होणार नाहीत. मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या शर्यतीत अचानक हवा पालटली आणि थंडीने २१ धावपटू दगावले. सहा जणांना वाचवलं ते तिथल्या एका मेंढपाळाने, आपल्या गुहेत आणून शेक देऊन. डोंगर ज्याला माहीत आहे, त्याला विचारल्यावाचून डोंगरात शर्यत घेऊ नये, हे केवळ न्यायाचं बोलणं नाही, जीव वाचवण्याचंही आहे.

तेव्हा आमच्या मागण्या अशा :

१. अनुसूचित क्षेत्रात शर्यतीची वाट आधी ग्रामसभेपुढे ठेवा. पेसा कायदा १९९६ पासून आहे, वनहक्क कायदा २००६ पासून. ग्रामसभेत बायका हजर असल्याशिवाय होकार धरू नका.
२. पाणी, जेवण, वाट दाखवणं या कामांना रोख मजुरी द्या. शर्यतीचं पाणी बाहेरून आणा, पाड्याच्या विहिरीला हात लावू नका.
३. बायकांना आणि पुरुषांना सारखं बक्षीस. गरोदर बाईचा प्रवेश पुढच्या वर्षी ग्राह्य.
४. प्रत्येक थांब्यावर बायकांसाठी आडोसा, पाणी आणि पॅड.
५. स्थानिक मुलींना विनाशुल्क क्रमांक, आणि संचालक मंडळात पाड्यावरच्या किमान दोन बायका.

मैत्रिणींनो, तुमच्याही तालुक्यात कुणीतरी ‘स्वयंसेविका पाठवा’ म्हणून पत्र घेऊन येईल. तेव्हा या पाच गोष्टी लेखी मागा. लेखी उत्तर हाती येईपर्यंत एकही बाई पाठवू नका. आणि आपली स्वतःची शर्यत ठरवाल, तेव्हा तारीख, वेळ, वाट यांच्या आधी पाड्यावर जाऊन एवढंच विचारा : त्या दिवशी पाणी कोण भरणार?