घरून काम आणि ऑफिसचे बोलावणे

२०२० मध्ये टीसीएसने जाहीर केले होते, की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्केच कर्मचारी ऑफिसात असले तरी पुरे. त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस हजेरी सांगितली. इंदूरच्या घरांतून पुण्या-बंगळुरूची नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांना अशा बोलावण्याची धास्ती असते, आणि आई-वडिलांनाही.

कंपन्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. आम्ही बँकवाल्यांनी ते अनुभवले आहे. मार्च क्लोजिंगला हिशेब जुळेना, की सगळी शाखा थांबायची. चहा-पोहे खाताखाता नवा क्लार्क चूक शोधायला शिकायचा. शेजारच्याला विचारायला संकोच नसे. पडद्यावर मात्र विचारण्यासाठीही वेळ ठरवावी लागते. मग नवा माणूस गप्पच राहतो.

पण आम्हाला बांधून ठेवले ते हजेरीपटाने नव्हे, अडलेल्याला हात देण्याच्या सवयीने. ऑफिसात बोलावून प्रत्येकाला हेडफोन लावून बसवले, तर काय साधले? नव्यांच्या सोबतीला एक जाणता सहकारी, महिन्यातले काही दिवस एकत्र काम आणि बाकी विश्वास, हेच आम्हाला व्यवहार्य वाटते.

आपल्या मुलांनीही अडले की सरळ फोन लावावा. विचारण्यात कमीपणा नाही.